‘पहिली महिला’ आली, मग दुसरी यायला एवढा वेळ का लागतो?

३० सप्टेंबर २०२५ ला सुरेखा यादव रेल्वेतून निवृत्त झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव आपण कितीदा तरी वाचलेलं असतं. त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो तीनदा आला, खाली फुलं आणि जोडलेले हात. माझी भाची ठाण्यात आयटीआय करते, इलेक्ट्रिशियन ट्रेड. तिने तो फोटो पाहिला आणि मला विचारलं, “मावशी, या १९८९ मध्ये लागल्या ना? मग अजून बाई लोकल चालवताना दिसली की लोक मोबाइल का काढतात?”

मी ट्रान्स-हार्बर सुरू झाली तेव्हापासून, म्हणजे २००४ पासून, ठाणे–वाशी करते. मीही एकदा मोबाइल काढला होता. केबिनच्या काचेमागे पांढऱ्या शर्टातल्या बाई दिसल्या आणि हात आपोआप पर्सकडे गेला. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला त्या क्षणी देता आलं नाही. मग त्यावर वाचत गेले, विचार करत गेले. ते सगळं इथे शक्य तितक्या साध्या शब्दांत मांडते आहे, कारण हा प्रश्न एकट्या रेल्वेचा नाही.

आधी आकडा पाहू

मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटरचा प्रवास. त्यानंतर इंजिनात चालकांच्या कामावर पहिली बाई यायला १९८९ उजाडलं. मधली वर्षं मोजली तर १३६ होतात.

सुरेखा यादव मूळच्या साताऱ्याच्या. कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेची परीक्षा दिली आणि कल्याणला प्रशिक्षणाला रुजू झाल्या. आधी सहाय्यक चालक, मग मालगाडी. २००० साली मोटरवुमन, म्हणजे लोकलच्या चालक, झाल्या आणि त्याच वर्षी लेडीज स्पेशल चालवली. नंतर घाटातल्या गाड्या, ८ मार्च २०११ ला डेक्कन क्वीन, १३ मार्च २०२३ ला सोलापूर ते मुंबई वंदे भारत. एका माणसाच्या नोकरीत याहून जास्त काय मावणार!

आता दुसरा आकडा. रेल्वेने सांगितल्याप्रमाणे २०१४ मध्ये देशात महिला लोको पायलट होत्या ३७१, आणि २०२४ मध्ये १,८२८. दहा वर्षांत पाचपट झाल्या, ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. पण चालक आणि सहाय्यक चालक धरून रेल्वेत या कामावर लाखाहून जास्त माणसं आहेत. म्हणजे शंभरामागे दोन बायकाही नाहीत. प्लॅटफॉर्मवर मोबाइल का निघतात याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. जे शंभरात दोनदाही दिसत नाही, त्याचा माणूस फोटो काढतोच.

उरलेलं अर्धं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. पहिली येऊन ३६ वर्षं झाली, तरी दोन टक्के का?

मोटरमनचं काम नेमकं असतं काय?

हे समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील. कारण ‘ते ताकदीचं काम आहे’ हे वाक्य मी लेडीज डब्यातही ऐकलं आहे, बायकांच्याच तोंडून.

लोकलच्या केबिनमध्ये मोटरमन एकटा असतो. शेवटच्या केबिनमध्ये गार्ड, ज्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्याने दोन घंट्या दिल्या की गाडी सुटते. मोटरमनच्या हाताखाली एक हँडल असतं, वेग देणारं. ते सतत दाबून धरावं लागतं. चालकाला भोवळ आली आणि हात सुटला, तर गाडी आपोआप ब्रेक लावते. या व्यवस्थेला रेल्वेत सरळ ‘डेडमॅन’ म्हणतात.

बाराडबी लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते. ती प्लॅटफॉर्मवर ठरलेल्या खुणेपाशीच थांबली पाहिजे. डोळे सिग्नलवर असतात. पिवळा दिसला तर पुढचा लाल असणार, दोन पिवळे दिसले तर पुढचा पिवळा असणार. पाठीमागे तीन-चार मिनिटांवर दुसरी गाडी असते. पावसात, अंधारात, कळवा-मुंब्र्याच्या वळणांवर हे अखंड चालू असतं. म्हणून भरतीच्या वेळी नजर चष्म्याशिवाय सहा बाय सहा लागते आणि रंग अचूक ओळखता यावे लागतात. संगणकावरची वेगळी कल-चाचणीही असते, त्यात प्रतिसाद किती वेगाने आणि किती अचूक येतो ते तपासतात. दंड किती जाड आहेत हे कोणी पाहत नाही.

या कामाचा सगळ्यात जड भाग वेगळाच आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात आणि त्यातली बरीचशी रूळ ओलांडताना. समोर माणूस दिसतो, भोंगा वाजतो, ब्रेक लागतो, पण एवढी जड गाडी जागच्या जागी थांबत नाही. ते दृश्य डोळ्यांत घेऊन पुढचं स्टेशन गाठायचं असतं. हे सोसायला जी ताकद लागते, ती बाई-पुरुष बघून वाटलेली नाही.

मालगाडीवर मात्र अंगमेहनत आहे, हे मान्य केलं पाहिजे. सहाय्यक चालकाला रात्री-अपरात्री दोन स्टेशनांच्या मधे खाली उतरून खडीवरून चालत बिघाड शोधावा लागतो. लोकलपर्यंत पोचायचा रस्ता या मालगाडीवरूनच जातो. सहाय्यक, शंटिंग (यार्डात इंजिनं-डबे हलवणं), मालगाडी, आणि मग लोकल किंवा मेल. ही शिडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साडेआठची गाडी: दार उघडं आहे, पण आत शिरता येतंय का?

ठाणे स्टेशनला सकाळी साडेआठला उभं राहून पाहा. मुंबईकडे जाणारी फास्ट येते. साध्या गाडीला दारं बंदच होत नाहीत. तुमच्याकडे पास आहे आणि कोणताही नियम तुम्हाला अडवत नाही. तरीही तुम्ही चढू शकत नाही.

बायकांच्या अडथळ्यांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा फक्त दाराकडे पाहतो. दार उघडलं का? उघडलं. मग आता तक्रार कसली? दार उघडं असणं आणि गाडीत पाय टेकायला जागा असणं, या दोन गोष्टी आपण एकच धरतो. त्या वेगळ्या केल्या की पुढचं सगळं उलगडत जातं.

अर्थात, एके काळी दारच बंद होतं, आणि तेही कायद्याने. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण १९२० पर्यंत ते विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं. इकडे भारतात वकिली करायची तर आणखी मजल होती. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी कलकत्ता हायकोर्टात वकिलीसाठी अर्ज केला. तेव्हा वाद झाला तो वकिलांच्या कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात बाई येते का, यावर. कोर्टाने ठरवलं, येत नाही. शेवटी १९२३ मध्ये वेगळा कायदा करून बायकांना वकिलीची परवानगी मिळाली.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत यंत्रं तीन पाळ्यांत चालतात. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ६६ सांगत होतं की बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच कामावर ठेवा. हेतू संरक्षणाचा होता. पण मालकाच्या जागी बसून विचार करा. तिन्ही पाळ्यांत फिरवता येईल असा माणूस हवा असताना तो फक्त दिवसपाळीत चालणारी बाई का घेईल? यंत्र चालवायला नको, पॅकिंगला ठेवा, असं होतं. कायद्याने बाईला यंत्रापासून दूर ठेवा असं कुठेच म्हटलं नव्हतं, तरी परिणाम तोच झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत बाईच्या संमतीने, सुरक्षेची व्यवस्था करून, रात्रपाळी देता येते. आता खरी परीक्षा त्या ‘व्यवस्था’ शब्दाची आहे. रात्री अकराला पाळी सुटल्यावर रबाळ्याहून कळव्याला घरी जायची गाडी कोण देणार?

आत शिरल्यावर: चौथी सीट

समजा, ती कशीबशी चढली. पुढे काय होतं?

लोकलने जाणाऱ्याला चौथी सीट समजावून सांगायला नको. बाक तिघांचा असतो. चौथी येते, “जरा सरका” म्हणते, तिघी जरा सरकतात आणि ती काठावर टेकते. अर्धी बसलेली, एक पाय मधल्या वाटेत, येणारा-जाणारा तिला धक्का मारून जाणार. बाकावर ती आहे, म्हणजे कागदोपत्री बसलेली आहे. पण सगळा वेळ तोल सांभाळण्यात जातो.

रोझाबेथ मॉस कँटर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७७ मध्ये नोकरीतल्या नेमक्या या स्थितीचा अभ्यास मांडला. एखाद्या गटात एका प्रकारची माणसं शंभरात पंधराहून कमी असली, की त्यातल्या प्रत्येकाला ‘टोकन’ म्हणून वागवलं जातं, असं त्यांनी दाखवलं. टोकन म्हणजे नमुन्यादाखल ठेवलेला माणूस. तिच्याकडे एक माणूस म्हणून पाहिलं जात नाही, ती सगळ्या बायकांची प्रतिनिधी होऊन बसते.

याचा अर्थ साधा आहे. पुरुष मोटरमनची गाडी खुणेच्या जरा पुढे गेली तर लोक म्हणतात, अमुक आज चुकला. बाईची गेली तर म्हणतात, बायकांना जमत नाही. चूक तेवढीच, पण तिची पावती देशभरातल्या सगळ्या बायकांच्या नावाने फाटते. म्हणून चौथ्या सीटवरची बाई कधी साधारण असू शकत नाही, तिला कायम उत्तमच असावं लागतं. आणि ज्या कामात फक्त उत्तम बायका टिकतात आणि पुरुष मात्र साधारण असले तरी टिकतात, तिथे बायकांचा आकडा वाढणार कसा?

कमला सोहोनी यांची गोष्ट इथे आठवते. तेव्हाच्या कमला भागवत. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल मिळालेले सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला, कारण अर्ज बाईचा होता. कमलाबाई तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या. मग प्रवेश मिळाला, पण एका वर्षासाठी आणि अटींवर. काम पाहू, मग ठरवू. ते वर्ष त्यांनी काढलं, त्यानंतर संस्थेने मुलींना घ्यायला सुरुवात केली, आणि १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो आणि ती आहेच. मला त्यातलं ते एक वर्ष टोचतं. त्या वर्षी बाजूच्या टेबलावरच्या मुलांना अशी अट नव्हती. आणि त्याच वर्षी नकाराचं पत्र घेऊन गुपचूप घरी परतलेली एखादी मुलगी असेल, तर तिची गोष्ट आपल्यापर्यंत आलेलीच नाही.

बूट, बाथरूम आणि लिंक

आता ज्या गोष्टींवर भाषणं होत नाहीत, त्यांच्याकडे येऊ. माझ्या मते खरी मेख इथे आहे.

भाचीच्या वर्कशॉपमध्ये सेफ्टी शूज सक्तीचे आहेत. पुढे लोखंडी टोपी असलेले, जड. तिचा पाय चार नंबरचा. दुकानात सगळ्यात लहान जोड मिळाला तो सहाचा. ती दोन जाड मोजे घालते, पुढे कापूस कोंबते आणि शिडीवर चढते. मी तिला एकदा घरी तसं चालताना पाहिलं. टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जात होती. त्या बुटात शिडीवरून पाय सटकला असता तर रजिस्टरमध्ये काय लिहिलं गेलं असतं? विद्यार्थिनी पडली. बूट सहा नंबरचा होता, हे कोणी लिहिलं नसतं.

यात कोणाचा दुष्टपणा नाही. बूट बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर जो माणूस होता, त्याच्या मापाचे बूट झाले. हातमोजे, सेफ्टी बेल्ट, खुर्चीची उंची, सगळं तसंच. मोटारींच्या अपघात-चाचणीत वर्षानुवर्षं पुरुषी मापाचेच पुतळे बसवले गेले. माप एकाचं, वापर सगळ्यांनी करायचा.

बाथरूमचंही तेच. लोकलच्या केबिनमध्ये शौचालय नसतं. रेल्वेच्या इंजिनांत ते बसवायला सुरुवात झाली २०१६ मध्ये, आणि ते काम अजून सगळ्या इंजिनांपर्यंत पोचायचं आहे. मालगाडीवरची ड्युटी दहा-अकरा तासांपर्यंत जाऊ शकते. पुरुष कुठेतरी आडोशाला उभा राहतो. बाई काय करते? ती पाणी पीत नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते मी इथे लिहीत नाही, वाचणाऱ्या प्रत्येकीला ते माहीत आहे. पुरुष चालकांनाही हा त्रास आहेच, मधुमेह असलेल्याला विचारा. पण तो आजवर ‘चालतंय की’ म्हणून चालवून घेतला गेला.

तिसरी गोष्ट लिंक. चालकांच्या ड्युटीच्या वेळापत्रकाला रेल्वेत लिंक म्हणतात. पहाटेची गाडी, मध्यरात्रीची गाडी, बाहेरगावी मुक्काम, मुक्कामाला रनिंग रूम, म्हणजे चालकांची विश्रांतीची खोली. ही रचना ज्या काळात झाली तेव्हा गृहीत होतं की चालकाच्या घरी कोणीतरी आहे. डबा भरणारं, मुलाला शाळेत सोडणारं, सासूला दवाखान्यात नेणारं. त्या चालकाला बायको होती. बाई चालक झाली की घरातलं ते माणूस कमी होतं, लिंक मात्र तीच राहते.

आणि आता ती शिडी आठवा. मालगाडीची सगळ्यात कठीण, सगळ्यात अनिश्चित वर्षं येतात नोकरीच्या सुरुवातीला. बहुतेक मुलींची लग्न-बाळंतपणाची वर्षंही तीच. शिडीची सगळ्यात निसरडी पायरी नेमकी तिथे आहे. अनेक जणी तिथून ऑफिसातलं काम मागून घेतात. बाहेरून दिसतं की तिने सोडलं. पण एकाच पायरीवरून जर दहा जणी घसरत असतील, तर पायरी तपासायला हवी.

डॉक्टरकीत हे कसं जमलं?

एका क्षेत्रात हे घडून गेलं आहे, म्हणून ते पाहण्यासारखं आहे. आज वैद्यकीय महाविद्यालयांत मुली निम्म्याच्या आसपास असतात. डॉक्टरीणबाई दिसल्या म्हणून कोणी मोबाइल काढत नाही.

सुरुवात आपल्या कल्याणची. ३१ मार्च १८६५ ला तिथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. पण १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने त्या गेल्या, बाविशीही पूर्ण झाली नव्हती. पहिली आली आणि तिला काम करायलाच मिळालं नाही. गोष्ट इथेच संपू शकली असती.

ती संपली नाही, कारण मुंबईत त्याच सुमारास आणखी एक गोष्ट उभी राहत होती. १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं. बायकांसाठीचं आणि बायकांनी चालवायचं. प्रमुख होत्या एडिथ पीची. या स्वतः एडिनबरात डॉक्टरी शिकायला गेलेल्या पहिल्या सात जणींपैकी एक. तिथे पदवी नाकारली गेली म्हणून त्यांनी स्वित्झर्लंडहून मिळवली. या पीचीबाईंनी पाठबळ दिलं रखमाबाईंना. बालपणी झालेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या त्याच रखमाबाई. १८८९ मध्ये त्या लंडनला शिकायला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि नंतर सुरत, राजकोट इथे तीसहून जास्त वर्षं काम केलं.

लोकलमध्ये आपण विचारतो, “ताई, कुठे उतरणार?” आणि उतरणारी बाई तिच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेवते. सीट अशीच पुढे जाते. पुरुषांच्या कामांत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं. काका रेल्वेत, म्हणून पुतण्याला फॉर्म कधी निघतो ते माहीत. पीचीबाईंनी रखमाबाईंसाठी रुमाल टाकून सीट धरून ठेवली. कामा हॉस्पिटल म्हणजे अशा सीट धरून ठेवणारा सबंध डबा. तिथे बाई डॉक्टर असणं नेहमीचं होतं, म्हणून तिथे साधारण बाई डॉक्टरही निर्धास्त काम करू शकत होती.

“पण मुलींनाच हे काम नको असतं”

हे नेहमी ऐकू येतं. काही मुलींना नको असतं, काही मुलग्यांनाही नको असतं, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण आवड हवेतून येत नाही. विमानं बघा. भारतात वैमानिकांमध्ये बायका सुमारे १५ टक्के आहेत, जगात सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. बाईचा स्वभावच यंत्रापासून दूर राहण्याचा असता, तर भारतीय बाईचा स्वभाव विमानात वेगळा आणि रेल्वेत वेगळा कसा? मला यात व्यवस्थेचा हात दिसतो. विमानात शौचालय असतं, ड्युटीच्या तासांची कडक मर्यादा असते, रात्री घरून न्यायला आणि घरी सोडायला गाडी येते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. उलव्याच्या मुली आता घराच्या गच्चीवरून विमानं पाहतील. विमान चालवणाऱ्या बाईची बातमी त्यांना फारशी नवी वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

“सवलती दिल्या की दर्जा घसरतो”

कोणत्या सवलती? लोको पायलटच्या भरतीत परीक्षा तीच, नजरेची अट तीच, लाल सिग्नलही तोच. केबिनमध्ये शौचालय बसवणं ही सवलत नाही, ती कामाची जागा नीट करणं आहे. त्याचा फायदा साठीकडे झुकलेल्या पुरुष मोटरमनला आधी होईल. चार नंबरचा बूट मागणं म्हणजे कमी उंचीची शिडी मागणं नव्हे.

मग पहिलीचं कौतुक करायचं नाही का?

करायचं, मनापासून करायचं. आपल्याच सीएसएमटी–ठाणे मार्गावर लोकल चालवणाऱ्या मुमताज काझी यांना २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला, तेव्हा मला फार आनंद झाला होता. एका बाईला पाहून दुसरीला सुचतं, हे खरंच आहे.

पण एकदा पाहून भागत नाही. पश्चिम बंगालमधल्या गावांचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सरपंचपद आळीपाळीने बायकांसाठी राखीव होत असे. ज्या गावांनी लागोपाठ दोन वेळा बाई सरपंच पाहिली, तिथे आईबापांनी मुलासाठी पाहिलेली स्वप्नं आणि मुलीसाठी पाहिलेली स्वप्नं यांतली दरी २५ टक्क्यांनी कमी झाली. मुलामुलींच्या स्वतःच्या स्वप्नांतली दरी ३२ टक्क्यांनी. पहिली वेळ अपवाद वाटते. दुसऱ्या वेळी गावाला कळतं की हे आता असंच असणार आहे.

हे आपणही पाहिलं आहे. १९९३ पासून महापालिकांत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. सुरुवातीला नगरसेविका निवडून यायची आणि फोन तिचा नवरा उचलायचा. अजूनही काही वॉर्डांत उचलतो. पण आज ठाण्याच्या १३१ आणि नवी मुंबईच्या १११ जागांपैकी निम्म्यांवर बायका येतात. पाण्याच्या टँकरसाठी थेट बाईंनाच फोन लावायचा, हे आमच्या गल्लीतल्या आजोबांनाही आता विशेष वाटत नाही. इथे एका पहिलीवर सगळा भार पडला नाही. अनेक जणी एकदम आल्या, त्यात हुशार होत्या, साधारण होत्या, काही चुकल्याही. पण त्यांच्या चुका त्यांच्याच नावावर पडल्या.

म्हणून ‘पहिली महिला’ अशी बातमी आली की भाची आणि मी आता पुढचे प्रश्न विचारतो. दुसरी कधी आली? दहावी आली का? पहिली लागली त्या वर्षी लागलेल्यांपैकी आज किती जणी त्याच कामावर आहेत? बातमीत याची उत्तरं क्वचित असतात.

गेल्या पंधरवड्यात भाचीच्या बुटांसाठी आम्ही पुन्हा स्टेशनजवळच्या त्या दुकानात गेलो. दुकानदार काका तिला ओळखून म्हणाले, “चार नंबर ना? तुझ्यानंतर अजून तीन मुली विचारून गेल्या. म्हणून यावेळी एक पेटीच मागवली.” त्यांनी वरच्या फळीवरून खोका काढला. तिने तिथेच स्टुलावर बसून बूट घातले, नाड्या ओढून बांधल्या आणि दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढून-उतरून पाहिल्या. टाच उचलली जात नव्हती. मोज्यांचा जादा जोड तिने पिशवीत टाकला.